गाणं ट्रेलरात, सिनेमात नाही

२०१६ साली औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एक शिक्षिका घरच्यांना घेऊन शाहरुख खानचा ‘फॅन’ बघायला गेल्या. प्रोमोत दणक्यात वाजणारं ‘जबरा फॅन’ हे गाणं सिनेमात नव्हतंच. बाई थेट ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा मंचानं तक्रार फेटाळली. राज्य आयोगानं मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितलं. राष्ट्रीय आयोगानंही ते उचलून धरलं. अखेर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमाच्या निर्मात्यांच्या, यशराज फिल्म्सच्या, बाजूनं निकाल दिला. प्रोमो ही जाहिरात आहे, प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे!

म्हणजे सावध राहायचं ते आपणच. पनवेलच्या ओरायन मॉलमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पॉपकॉर्न सांभाळत दोन-तीन ट्रेलर बघावेच लागतात. पुढच्या वेळी जरा नीट बघा. नायिका विचारते, “येशील ना?” लगेच नायक मान हलवतो. दोघं समोरासमोर उभे आहेत, असं आपणच धरून चालतो. प्रत्यक्षात प्रश्न पहिल्या रिळातला आणि मान हलवणं शेवटच्या मारामारीतलं, कदाचित खलनायकासमोरचं असू शकतं. एडिटिंगच्या टेबलावर असं लग्न सहज लागतं. दोघं एकदाही एका चौकटीत दिसत नसतील, मागचा उजेड बदलत असेल, तर शंका घ्यायला हरकत नाही.

उरलेलं काम आवाज करतो. सुरुवात संथ, मग प्रत्येक कटवर ठोका, वेग वाढत जातो. एकदम शांतता. एक वाक्य. धाडकन सिनेमाचं नाव. त्यानंतरही एक छोटा विनोद उरतोच. २०१० च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांमुळे गाजलेला तो भोंग्यासारखा खर्ज तर आता कुठंही ऐकू येतो. विनोदी सिनेमांचं मला जास्त वाईट वाटतं: चांगले चार विनोद ट्रेलरातच संपवतात आणि तिकीट काढून आपण पाचव्याची वाट बघत बसतो.

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, हे खरं. पण त्यातलं गाणं सिनेमात आहे की नाही, हे सेन्सॉर तपासत नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी, सिनेमा बघून आलेल्या कुणाला तरी एक फोन करा.