हिरवळीखालची हुमणी

बंगळूरच्या दक्षिणेस, जयप्रकाश नारायणांचे नाव मिरविणाऱ्या जे. पी. नगरात ज्या घरांपुढे अद्याप थोडी मोकळी जागा उरली आहे, तेथे हरळीची हिरवळ हौसेने राखलेली आढळते. श्रावण-भाद्रपदात पाऊस पुरेसा असूनही या हिरवळीवर पिवळे डाग उमटतात. घरधनी पाणी वाढवितो, खत घालतो. डाग मात्र पसरतच जातात. अशा वेळी डागाच्या कडेची हरळी मूठभर धरून हलकेच ओढून पाहावी. ती सतरंजीसारखी सुटून हातात आली, तर खाली मुळे कुरतडली जात आहेत असे खुशाल समजावे. थोडी माती उकरताच पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्राकृती अळी दृष्टीस पडते. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यातून येथे येऊन राहिलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. हीच ती हुमणी. कानडीत गोण्णे हुळू.

मुळे शाबूत असून केवळ पाती खाल्लेली दिसली, तर तो अपराध लष्करी अळीचा असण्याचा संभव अधिक. वाळलेल्या गवतावर मातीचे पापुद्रे चढले असतील तर वाळवीचा.

पूर्वी हुमणीवर बी. एच. सी. नावाची भुकटी मातीत मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. ते विष मातीत वर्षानुवर्षे टिकते. १९९७ साली भारतात त्यावर बंदी आली, हे योग्यच झाले. ज्या हिरवळीवर मूल रांगते आणि साळुंक्या किडे टिपतात, तेथे असली भुकटी हवी कशाला? शिवाय डाग दिसेपर्यंत अळी पुष्कळ वाढलेली असते आणि उपायाची खरी वेळ टळून गेलेली असते.

ती वेळ वळवाच्या पहिल्या सरींची. जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे तेव्हा तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. माद्या तेथेच अंडी घालतात. म्हणून त्या चार-सहा रात्री झाडाखाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकावेत. एक मादी मारली की कित्येक अळ्यांचा प्रश्न मिटतो. परंतु कडुनिंब शेजाऱ्याच्या आवारात असेल, तर एकट्याच्या खटपटीला फारसे यश येत नाही. गल्लीतील मंडळींनी एकाच संध्याकाळी बाहेर पडावे. महाराष्ट्रातील ऊसकरी गावे हेच करतात. हिरवळीवर कच्चे शेणखत पसरणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून अळ्या आयत्याच घरी येतात.

एवढे करूनही ज्या अळ्या उरतील, त्यांच्यासाठी याच शहरात, हेब्बाळच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेत, सूत्रकृमींची भुकटी विकसित झाली आहे. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी अळीच्या शरीरात शिरतात आणि त्यांच्यासोबतचे जिवाणू तिला दोन-तीन दिवसांत मारतात. अळ्या लहान असताना, पावसाळ्याच्या पूर्वार्धात, ओल्या जमिनीवर सूर्यास्तानंतर ही भुकटी पाण्यातून द्यावी. उन्हात कृमी तग धरीत नाहीत. पुढे माती उकरताना विटकरी रंगाची मेलेली अळी सापडली, तर ती फेकून देऊ नये. तिच्यातून हजारो नवे सूत्रकृमी बाहेर पडावयाचे असतात.