ठासणीच्या पिस्तुलाची नेमबाजी

ठासणीच्या पिस्तुलाची नेमबाजी हा काळी दारू व गोळी वेगवेगळी भरून झाडल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलाने लक्ष्यवेध करण्याचा क्रीडाप्रकार व छंद आहे. सोरा (सुमारे ७५ टक्के), कोळसा (१५ टक्के) आणि गंधक (१० टक्के) यांच्या मिश्रणास काळी दारू म्हणतात. प्रत्येक बार हाताने भरावा लागत असल्याने या खेळात वेगापेक्षा शिस्तीला महत्त्व असते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या बंदुका जळत्या तोड्याने पेटवल्या जात. त्यानंतर चकमकीचे चाप आले. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे एकस्व घेतले आणि त्यातून पुढे टोपीचे पिस्तूल विकसित झाले. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केल्यावर काळी दारू लष्करी वापरातून हळूहळू मागे पडली.

स्पर्धा

या खेळाच्या जागतिक स्पर्धा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार होतात. पिस्तुलाचे लक्ष्य २५ मीटरवर असते व नेमबाज उभ्याने, एका हाताने नेम धरतो. ३० मिनिटांत १३ बार झाडायचे असून त्यांतील सर्वोत्तम १० धरले जातात. कोमिनाझो (चकमकीचे पिस्तूल), कुखेनरॉयटर (टोपीचे पिस्तूल) आणि मारियेत (टोपीचे रिव्हॉल्व्हर) या प्रकारांना जुन्या बंदूककारांची नावे दिलेली आहेत. ऑलिंपिकमध्ये या प्रकारांचा समावेश नाही.

सुरक्षितता

मागील बाराची ठिणगी नळीत उरलेली असू शकते. त्यामुळे दारू मोठ्या डब्यातून थेट न ओतता आधी मोजून ठेवलेल्या लहान नळीतून भरतात. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर तो उशिराने उडण्याचा संभव असतो. म्हणून नळी काही काळ लक्ष्याकडेच रोखून धरतात. या पिस्तुलात धूरविरहित दारू भरल्यास दाब वाढून नळी फुटू शकते. काळ्या दारूची राख ओलावा शोषून गंज चढवते, त्यामुळे वापरानंतर लगेच नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावतात.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार झाडता येण्याजोग्या पिस्तुलास परवाना लागतो. वडिलोपार्जित शस्त्रही याला अपवाद नाही. दुरुस्तीनेही न चालणाऱ्या पुराणवस्तूंना मात्र कलम ४५ अन्वये सूट आहे. स्फोटक अधिनियम, १८८४ मुळे विनापरवाना दारू बनवणे हा गुन्हा ठरतो. उदाहरणार्थ, मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) येथील इच्छुकाला शस्त्र परवान्यासाठी जळगावच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. जवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात. परंतु ती आधुनिक शस्त्रांसाठी असून ठासणीच्या पिस्तुलास निरुपयोगी आहेत.

त्यामुळे नवशिक्यासाठी १० मीटर एअर पिस्तूल हा अधिक सुलभ आरंभ ठरतो. उभे राहणे, श्वासावर नियंत्रण आणि चाप अलगद ओढणे ही कौशल्ये दोन्ही प्रकारांत समान आहेत. ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना देशातील नेमबाजीचे नियमन करते. महाराष्ट्रातील पिस्तूल नेमबाजांमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.