पहिली आणि शेवटची फाशी

विस्कॉन्सिन १८४८ साली अमेरिकेचे राज्य झाले, तेव्हा तिथे खुनाला फाशीच होती. राज्याच्या कायद्याने ती प्रत्यक्षात दिली गेली फक्त एकदा.

केनोशातला आयरिश स्थलांतरित जॉन मॅककॅफरी याने १८५० साली बायकोला परसातल्या पाण्याच्या पिंपात बुडवून मारले. त्याच्या गुन्ह्याबद्दल शंका नव्हती. २१ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला उघड्यावर लटकवले, तेव्हा दोन-तीन हजार माणसे बघायला जमली होती. दोर आवळला, पण जीव जाईना. जवळजवळ वीस मिनिटे तो तडफडत होता. गर्दी तमाशा बघायला आली होती. त्यातले बरेच जण शहारून परतले.

‘केनोशा टेलिग्राफ’चा संपादक ख्रिस्तोफर लॅथम शोल्स याने हा प्रसंग सोडला नाही. अंकामागून अंक फाशीविरुद्ध लिहिले, पुढे आमदार होऊन मार्व्हिन बोव्हे या सहकाऱ्यासह विधिमंडळात विषय लावून धरला. (हाच शोल्स पुढे टाइपरायटरचा जनक म्हणून ओळखला गेला. त्याचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. आपल्याकडे मराठी टंकलेखन शिकलेल्यांना ‘रेमिंग्टन’ हे नाव नवे नाही.) जुलै १८५३ मध्ये गव्हर्नर लिओनार्ड फारवेल यांनी सही केली आणि फाशीऐवजी जन्मठेप आली. मिशिगनने सहा वर्षे आधी फाशी रद्द केली होती, पण देशद्रोहाचा अपवाद ठेवून. विस्कॉन्सिनने तोही ठेवला नाही.

सुधारकांना यश पचवायला मात्र वेळ मिळाला नाही. १८५५ च्या उन्हाळ्यात जेन्सव्हिल आणि वेस्ट बेंड इथे जमावाने खुनाच्या प्रकरणांतल्या कैद्यांना पहाऱ्यातून ओढून काढले आणि ठार केले. कायदा फाशी देत नाही, म्हणून लोक हात चालवतात, असा युक्तिवाद लगेच सुरू झाला. मला तो तेव्हाही पोकळच वाटला असता: फाशी असलेल्या राज्यांतही जमाव माणसे मारतच होते. विधिमंडळानेही तो मानला नाही, फाशी परत आणण्याचे प्रयत्न फसत गेले.

विसाव्या शतकात मिलवॉकीतल्या जेफ्री डामरसारख्या खुन्यालाही या राज्याने जन्मठेपच दिली. २००६ च्या सल्लावजा सार्वमतात पंचावन्न टक्क्यांहून अधिक मतदारांनी फाशी हवी म्हणून कौल दिला, तरीही विधिमंडळाने कायदा बदलला नाही.