कपाटातल्या व्हिडिओ कॅसेटी : काय जपावे, आधी काय वाचवावे



आपल्या सुरतेतल्या बहुतेक जुन्या मराठी घरांत एक कप्पा असा असतो, ज्यात व्हीएचएसच्या काळ्या कॅसेटी रचून ठेवलेल्या असतात. काहींवर बॉलपेनने लिहिलेले नाव पुसट झालेले असते. काहींवर एक नाव खोडून दुसरे आणि तेही खोडून तिसरे लिहिलेले असते. त्या टाकवत नाहीत आणि लावताही येत नाहीत, कारण व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला असतो. आम्ही काही निवृत्त मंडळी जुन्या चित्रपटांच्या कॅसेटी जमवतो हे कळल्यापासून दिवाळीच्या साफसफाईत लोक पिशव्या भरून कॅसेटी आणून देतात. "बघा, काही कामाचे असेल तर ठेवा, नाहीतर पस्तीत द्या," असे म्हणतात. कामाचे काय आणि पस्तीचे काय, हे कसे ठरवायचे, याची माहिती सर्व सभासदांना व्हावी म्हणून हा लेख.

हा छंद आपल्याकडे कसा रुजला

सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानमध्ये बाजारात आले. या दोघांच्या स्पर्धेत पुढे व्हीएचएस टिकले. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच्या मागोमाग घरोघरी व्हीसीआरची हौस सुरू झाली. ज्यांना विकत घेणे परवडत नव्हते ते वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणत आणि पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे बघत. गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. मुंबईची शेमारू ही कंपनी १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली होती. १९७९ पासून तीही व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली.

आपल्या लोकांसाठी मात्र कॅसेटचे मोल थोडे वेगळे होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्याला मराठी चित्रपट किंवा नाटक हवे तेव्हा बघायला मिळत नसे. मग मुंबईचे मामा-काका दूरदर्शनवर लागलेला मराठी चित्रपट किंवा 'गजरा'सारखा कार्यक्रम टेप करून ठेवत, आणि सुट्टीला येणारे कोणी फ्लाइंग राणीने ती कॅसेट घेऊन येई. एक कॅसेट आली की ती दहा घरांत फिरे. मुलांच्या कानावर चांगले मराठी पडावे, हाही त्यामागे एक हेतू असे. आपल्या समाजातले बरेचसे संग्रह असेच जमत गेले.

सांभाळले नाही तर काय होते

भारतीय चित्रपटाची सुरुवात करणाऱ्या दादासाहेब फाळके यांचा गुजरातशी जवळचा संबंध. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याकडे पूर्ण नाही, त्याचा काही भागच शिल्लक आहे. १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेई, कालांतराने कुजे, आणि तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी लोक ती विकूनही टाकत.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी हयातभर देशभर फिरून जे मिळेल ते गोळा केले. प्रभातचे 'अयोध्येचा राजा' (१९३२) आणि 'संत तुकाराम' (१९३६) आपण आजही बघू शकतो, ते कोणीतरी वेळेवर सांभाळले म्हणून. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. सरकारी तिजोरीतल्या ठेवीचीही ही गत, मग आपल्या कपाटाची काय कथा!

छांदिष्ट माणसाच्या संग्रहाचे मोल पटण्यासाठी अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाई पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ पासून २०१२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी घरी टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेप केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी झाल्या. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे. पण त्या काळातले कितीतरी प्रक्षेपण खुद्द वाहिन्यांनीही जपलेले नव्हते, आणि आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे.

टेप खराब का होते

व्हीएचएसची टेप अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर लांब असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड एका चिकट द्रव्याने बसवलेली असते, आणि चित्र व आवाज त्या पुडीच्या चुंबकत्वात नोंदलेले असतात. व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरचे हेड टेपवर तिरक्या रेघांनी ही नोंद करतात किंवा वाचतात.

यातले चुंबकत्व सहजासहजी जात नाही. आधी दगा देते ते चिकट द्रव्य. ते हवेतला ओलावा शोषते, मऊ होते, आणि मग टेप लावली की पूड सुटून हेडला चिकटते. पडद्यावर मुंग्या आल्यासारखे दिसते ते बहुधा यामुळे. दुसरा शत्रू बुरशी. तापीकाठच्या आपल्या दमट हवेत बंद कपाटात ती हमखास धरते. कॅसेटच्या काचेतून पाहिले तर टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसतात. अशी कॅसेट कधीही मशीनमध्ये घालू नये, कारण बुरशी मशीनला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

तिसरे संकट पुराचे. ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले अल्बम आणि कॅसेटी चिखलात गेल्या. म्हणून कॅसेटी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. त्या पुस्तकांसारख्या उभ्या, पूर्ण गुंडाळलेल्या, कोरड्या जागी आणि स्पीकरपासून दूर ठेवाव्यात.

यापेक्षाही मोठी अडचण यंत्राची आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता जे आहेत ते सगळे जुने, आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही वयस्कर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत टेपवरचे जे उतरवून घेतले जाणार नाही ते बहुतेक कायमचे जाईल. 

तीन खाती पाडावीत

आमची सगळी नोकरी बँकेत गेल्यामुळे आम्ही कॅसेटींचीही तीन खाती पाडतो.

पहिले खाते बाजारातल्या छापील कॅसेटींचे. 'श्यामची आई' (१९५३) किंवा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांसारखे चित्रपट आज दुसरीकडे सहज आणि जास्त स्वच्छ स्वरूपात मिळतात. अशी कॅसेट आवड आणि आठवण म्हणून ठेवावी, तिच्यावरचे चित्र जपायला हवे. पण तिच्यावर वेळ शेवटी खर्च करावा.

दुसरे खाते टीव्हीवरून टेप केलेल्या कार्यक्रमांचे. नाटके, मुलाखती, गाण्याच्या बैठका, बातम्या, मधल्या जाहिराती. यातले काही दुसरीकडे असेल, काही कुठेच नसेल. नाव शोधून खात्री करावी आणि मिळाले नाही तर ते लगेच उतरवून घ्यावे.

तिसरे खाते घरचे आणि मंडळाचे. लग्न, मुंज, बारसे, गणेशोत्सवातले बसवलेले नाटक, हळदीकुंकू. याची जगात एकच प्रत असते आणि ती तुमच्याकडे असते. हे सर्वांत आधी.

यात एक गोम आहे. तीन तासांच्या कॅसेटवर सव्वादोन तासांचा चित्रपट टेप केला की पाऊण तास उरे. कॅसेट महाग, म्हणून त्या उरलेल्या जागेत लोक काहीही घेऊन ठेवत. आमच्याकडे आलेल्या एका कॅसेटवर फक्त एका हिंदी चित्रपटाचे नाव होते आणि ती आम्ही पहिल्या खात्यात टाकण्याच्या बेतात होतो. नियम म्हणून शेवटपर्यंत लावली. चित्रपट संपल्यावर दोन मिनिटे नुसत्या मुंग्या, आणि मग एका घरातले डोहाळजेवण सुरू झाले. ओटी भरताना एक आजी ओव्या म्हणत होत्या. कॅसेट देणाऱ्या वहिनींना बोलावले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. ती त्यांची सासू होती. त्यांचे फोटो घरात होते, पण आवाज कुठेच नव्हता आणि असा काही असेल हे घरात कोणाच्या लक्षातही नव्हते. तेव्हापासून आम्ही सर्वांना सांगतो : नाव काहीही असो, कॅसेट शेवटपर्यंत बघितल्याशिवाय टाकू नका.

प्रत कशी करावी

१. आधी कॅसेटच्या पाठीवरचे लहान प्लॅस्टिकचे पान तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर नवीन रेकॉर्डिंग होणार नाही.

२. वर्षानुवर्षे न लावलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. आवाज जड येत असेल किंवा मध्येच अडत असेल तर थांबा.

३. व्हीसीआरचे हेड साफ असावेत. त्यांना कापसाच्या काडीने पुसू नये. धागा अडकून हेड तुटतो. हे काम कारागिराकडून करून घ्यावे.

४. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या उपकरणाला आणि ते संगणकाला जोडायचे. इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात.

५. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट आपल्या मशीनवर काळी-पांढरी किंवा हलती दिसली तर ती खराब आहे असे समजू नका. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. त्यासाठी दोन्ही पद्धती चालणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो.

६. फाइलला नाव देताना वर्ष, प्रसंग आणि त्यात कोण कोण आहे ते लिहा. चेहरे ओळखणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

७. प्रती तीन करा : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पूर्वी डीव्हीडी करून घेतल्या म्हणून निश्चिंत राहू नका. घरी लिहिलेल्या डीव्हीडीही वाचेनाशा होतात. आणि प्रत झाली तरी घरची मूळ कॅसेट टाकू नका.

थोडा हिशोब. समजा १०० कॅसेटी आहेत आणि प्रत्येकी तीन तास, म्हणजे ३०० तास. रोज दोन तास दिले तर १५० दिवस. चांगल्या प्रतीत तासाला साधारण साडेतीन जीबी जागा धरली तर सगळे मिळून एका टीबीच्या आसपास. म्हणजे शंभर कॅसेटींचे कपाट खिशात मावेल एवढ्या डिस्कवर येते. तिसऱ्या खात्यात सहसा दहा-पंधराच कॅसेटी निघतात, त्यांना महिनाही लागत नाही.

हक्कांबद्दल दोन शब्द

आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणून संग्रहातले चित्रपट घरी बघण्यापुरते ठेवावेत, यूट्यूबवर चढवू नयेत किंवा प्रती काढून विकू नयेत. घरगुती प्रसंगांचेही तसेच. त्यात इतरांच्या लेकी-सुना, पाहुणे असतात. चारचौघांत टाकण्याआधी त्यांना विचारावे.

शेवटी सभासदांना विनंती एवढीच, की या पावसाळ्याआधी एक रविवार काढा आणि तो कप्पा उघडा. कॅसेटी मोजा, काचेतून बुरशी बघा, तीन खाती पाडा. घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवा. कोणत्या कॅसेटवर काय आहे हे बहुधा त्यांनाच आठवत असते. मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवाचे किंवा स्नेहसंमेलनाचे काही तुमच्याकडे निघाले तर कार्यालयात जरूर कळवा. उतरवून देण्याचे काम आम्ही करू, त्याचे काही पैसे नाहीत. आमच्याकडे दोन व्हीसीआर अजून चालू स्थितीत आहेत. ते किती दिवस साथ देतील ते मात्र सांगता येत नाही.