लेखनाचे पैसे कोणी द्यायचे?

शाळा सुटल्यावर, कचेरीतील फायली मिटल्यावर किंवा परीक्षेचा अभ्यास क्षणभर बाजूला सारून रात्री लिहीत बसणारी माणसे महाराष्ट्रात पूर्वीही होती. आज त्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. पूर्वी हे लेखन संपादकाच्या टेबलावर जाऊन पडे आणि तेथून बहुधा ‘साभार परत’ येई. आज ते इंटरनेटवर लेखकाच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर आणि लिहून होताच प्रसिद्ध होते. संपादक नाही, छापखाना नाही, टपालखर्च नाही. या सोयीच्या मागोमाग एक आश्वासनही आले आहे : लिहा आणि घरबसल्या पैसे मिळवा.

हे आश्वासन सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता येणार नाही. अशा लेखनातून काही जणांना पैसे मिळतात, क्वचित कोणाचा चरितार्थही चालतो. परंतु हे पैसे कोण देतो आणि कशाबद्दल देतो, हे आश्वासन देणारे सहसा सांगत नाहीत. वस्तुतः लेखनाच्या साऱ्या व्यवहाराची किल्ली या प्रश्नातच आहे. जो पैसे देतो त्याची आवडनिवड आज ना उद्या लेखणीत उतरते, हा जुना अनुभव आहे. आणि मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे दाखले विपुल आहेत.

शिक्षकांनी घातलेला पाया

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असलेले हे पत्र सुमारे साडेआठ वर्षे चालले. मराठी वाचणारा वर्ग तेव्हा मूठभर. त्यात पैसे मोजून वर्तमानपत्र घेणारा त्याहूनही थोडा. ‘दर्पण’ हे बाळशास्त्र्यांचे उपजीविकेचे साधन नव्हते. १८३४ पासून ते एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत होते. त्यांच्या संसाराचा भार नोकरीने उचलला, म्हणूनच त्यांच्या लेखणीला तो उचलावा लागला नाही.

यापुढचे उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. आज जो तरुण एकट्याच्या बळावर लिहू आणि प्रसिद्ध करू पाहतो, त्याला हे अधिक जवळचे वाटेल. विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक होते. शिक्षणखात्याचे ‘शालापत्रक’ त्यांच्याकडे संपादनासाठी होते. त्यातील टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद झाले. तत्पूर्वीच, जानेवारी १८७४ मध्ये, त्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एका हाताने लिहिलेला होता. ‘शालापत्रका’चे पैसे सरकार देत होते; ‘निबंधमाले’चे वाचक देत होते. एकाच लेखकाच्या या दोन पत्रांचे भवितव्य एवढे भिन्न झाले, याचे एक मोठे कारण या फरकात आहे.

मात्र विष्णुशास्त्र्यांची कथा येथेच संपविली तर तो अर्धवट बोध ठरेल. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती केवळ मासिकाच्या भरवशावर नव्हे. टिळक, नामजोशी यांच्यासमवेत त्यांनी १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आर्यभूषण छापखाना, किताबखाना आणि चित्रशाळा हे उद्योगही उभे केले. लेखन ताठ ठेवावयाचे तर त्याच्या भोवती लेखनाहून वेगळा असा काही व्यवहार उभा करावा लागतो, हे या देशाभिमानी पंडिताने नीट ओळखले होते.

पुढे जाहिरातीचे युग आले. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. त्या परंपरेतून बहरलेले आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या आधाराशिवाय निघू शकले नसते. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ तर एका कारखान्याचेच पत्र होते. पण शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडले आणि मराठी मध्यमवर्गाचे आवडते मासिक झाले. तेव्हा जाहिरात किंवा उद्योगपतीचा पैसा म्हणजे लेखनाचा शत्रूच, असे सोवळे मत घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो लेखक आणि जाहिरात यांच्यामधील अंतराचा. छापील अंकात जाहिरातीचे पान वेगळे असे आणि जाहिरातदाराशी बोलणारा व्यवस्थापकही वेगळा असे. आजच्या एकट्या लेखकाच्या बाबतीत ही मधली भिंतच उरलेली नाही.

जाहिरातीचा हिशेब

इंटरनेटवरील जाहिरातीचा व्यवहार कसा चालतो, हे थोडक्यात पाहू. गूगलने २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’ ही योजना सुरू केली. तीत लेखकाने आपल्या मजकुराशेजारी जागा मोकळी सोडावयाची. तेथे कोणती जाहिरात दाखवावयाची हे कंपनीची यंत्रणा ठरविते आणि जाहिरातदाराकडून आलेल्या रकमेतील सुमारे दोन तृतीयांश वाटा लेखकाला मिळतो. भारतीय भाषांपैकी हिंदीला ही दारे डिसेंबर २०१४ मध्ये खुली झाली. मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली. खात्यावर शंभर डॉलर जमेपर्यंत रक्कम हाती पडत नाही. हौसेने आरंभ केलेल्या कित्येकांचा उत्साह या पहिल्या शंभराच्या आतच मावळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की येथे सर्व वाचकांची किंमत सारखी नसते. कर्ज, विमा, गुंतवणूक, परदेशी शिक्षण यांविषयी वाचणाऱ्यासाठी जाहिरातदार जास्त पैसे मोजतो. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीचा अर्थ शोधणाऱ्यासाठी किंवा कोकणातील भातशेतीची माहिती घेणाऱ्यासाठी तो तितके मोजत नाही. इंग्रजी मजकुराच्या मानाने मराठी मजकुराला मिळणारा दरही सामान्यतः कमीच. परिणामी या उत्पन्नावर अवलंबून राहणारा लेखक नकळत दोनपैकी एक वाट धरतो. एक तर ज्या विषयात त्याला गती नाही त्या विषयावर तो लिहू लागतो. किंवा मजकुराचा कस सोडून संख्येच्या मागे लागतो. मग निकालाच्या तारखा, सरकारी योजनांच्या अर्धवट याद्या, नटनट्यांच्या कंड्या आणि ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ अशा धर्तीचे मथळे सुरू होतात. यात त्या लेखकाची नियत वाईट असते असे नव्हे. तराजूच तसा बनविलेला असेल, तर त्यात सोने आणि भूस यांचे मोल कसे निराळे व्हावे?

त्यात आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. शोधयंत्राला प्रश्न विचारला की ते पूर्वी लेखांची यादी देत असे. आता पुष्कळदा तेच उत्तराचा सारांश करून देते. वाचकाचे काम तेथेच भागते आणि मूळ लेखापर्यंत तो पोहोचतच नाही. केवळ ठोकळेबाज माहिती देऊन मिळकत करू पाहणाऱ्यांच्या पायाखालची वाळू त्यामुळे सरकू लागली आहे.

दुसऱ्याच्या जागेवरचे दुकान

छापील मासिक काढणारा कर्जबाजारी होई, पण वर्गणीदारांची यादी त्याच्या स्वतःच्या कपाटात असे. आजचा लेखक बहुधा दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटतो. जागेचा मालक नियम बदलील, दुकान बंद करील किंवा सरकार टाळे लावील, तर त्याची दाद कोणाकडे मागावयाची? ‘जिओसिटीज’वर लोकांनी वर्षानुवर्षे मांडलेला मजकूर २००९ मध्ये ती सेवा गुंडाळली गेल्यावर हलवावा लागला किंवा नाहीसा झाला. ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये भारत सरकारने ‘टिकटॉक’वर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षिततेची होती आणि त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला होता, तो त्यांना दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन जाता आला नाही, ही गोष्ट विसरता येणार नाही. वाचकांची नावे आणि पत्ते लेखकाच्या स्वतःजवळ हवेत, हा छापील मासिकांच्या काळातील साधा धडा आजही तितकाच खरा आहे.

नोकरदारांना तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. केंद्र सरकारचे १९६४ चे आणि महाराष्ट्र शासनाचे १९७९ चे वर्तणूक नियम सरकारी सेवकाला खाजगी व्यापारधंदा करू देत नाहीत. प्रसंगोपात्त वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय कामाला मात्र त्यांत मुभा आहे. कधीमधी लिहिलेला लेख आणि नियमित जाहिरात उत्पन्नासाठी चालविलेला उपक्रम यांत फरक आहे. म्हणून सरकारी सेवकाने पहिला रुपया घेण्यापूर्वी वरिष्ठांकडून लेखी खुलासा करून घ्यावा, हे शहाणपणाचे. अशी मिळकत करपात्र असते, हेही ध्यानात ठेवावे. एखाद्या मालाची शिफारस पैसे घेऊन केली असेल, तर तसे वाचकाला उघड सांगितले पाहिजे. जाहिरात व्यवसायाच्या मानक परिषदेने २०२१ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत. ते नसते तरी साध्या सचोटीची मागणी हीच आहे.

वाचकाचे देणे

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मग लेखनातून मिळकतीची आशा धरूच नये. तो निष्कर्ष चुकीचा होईल. फुकट लिहिणे हा काही सद्गुण नव्हे. सुताराने रंधा फुकट मारावा असे आपण म्हणत नाही. मग लेखकानेच आपले श्रम सरस्वतीच्या नावावर का खर्ची घालावेत? ‘लिहून पोट भरते का?’ असा उपहास करणारा समाज आणि लेख वाचून झाल्यावर एक पैसाही न देणारा वाचक, हे दोघे वेगळे नाहीत.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहू. एखाद्या शिक्षकाने आपल्या विषयावर, समजा जिल्ह्यातील नद्यांवर, जुन्या नाण्यांवर किंवा दहावीच्या भूमितीवर, दर पंधरवड्यास एक कसदार लेख देण्याचे ठरविले आणि पाचशे वाचकांनी वर्षाला दोनशे रुपये वर्गणी दिली, तर एक लाख रुपये होतात. महिना साधारण आठ हजारांची ही रक्कम पगाराची जागा घेणार नाही; परंतु पुस्तके, प्रवास आणि एखाद्या सहायकाचे मानधन एवढे तीत सहज भागेल. तेवढेच उत्पन्न जाहिरातीतून हवे असेल, तर वाचकांची संख्या कितीतरी पट लागेल आणि त्या गर्दीला रुचेल असेच लिहावे लागेल. पाचशे माणसांचा विश्वास संपादन करणे कठीण असले, तरी अनोळखी लाखांची गर्दी रोज खेचून आणण्याइतके ते कठीण नाही, आणि त्यात मन मारावे लागत नाही.

पूर्वी वर्गणी गोळा करणे हेच मोठे दिव्य होते. मनीऑर्डर, व्ही.पी., परत आलेली पाकिटे, थकबाकीची स्मरणपत्रे यांत छोट्या मासिकांचा जीव जाई. २०१६ पासून यूपीआयची सोय झाल्याने दहा रुपयेही क्षणात पाठविता येतात. म्हणजे छपाईचा खर्च गेला, टपालाचा गेला आणि वसुलीचाही गेला. आता अडचण उरली आहे ती सवयीची. इंटरनेटवरील मजकूर म्हणजे सार्वजनिक नळाचे पाणी, अशी आपली समजूत झाली आहे. त्या नळाचे बिल जाहिरातदार भरतो आणि पाणी कोणते सोडावयाचे हेही तोच ठरवितो, हे आपण विसरतो.

नव्या लेखकाने म्हणूनच आरंभी नोकरी सोडू नये आणि मिळकतीचे आकडे मांडीत बसू नये. ज्या विषयात आपल्याला खरोखर गती आहे असा एक विषय घ्यावा, ठरल्या तारखेस लेख द्यावा, वाचकांची यादी आपल्यापाशी ठेवावी आणि वर्ष-दोन वर्षांनी संकोच न करता वर्गणी मागावी. जाहिरात आली तर ती घ्यावी, परंतु जेवणातील मिठाइतकीच.

वाचकाचे कर्तव्य याहून सोपे आहे. या पानाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत. त्यांच्याजवळ पैसा बेताचाच असतो, हे मान्य. परंतु ‘निबंधमाला’ जगविणारेही मुख्यतः याच वर्गातले होते. मराठीत जे लेखन टिकावे असे आपल्याला वाटते, त्यातील निदान एका लेखकाची वर्षाची वर्गणी प्रत्येकाने भरावी. ती भरण्याइतकी आस्था आपल्यात नसेल, तर मराठीत चांगले लिहिले जात नाही, ही तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला कितपत राहतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.