लिहिलेले नेमके कुठे असते? कर्नलमधील पानसाठ्याविषयी

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे शिक्षक बेळगावकडच्या बोलीतले शब्द गोळा करीत होतो. एका संध्याकाळी सगळ्या नोंदींची फाइल मी पेनड्राइव्हवर उतरवली. पडद्यावरची पट्टी भरली, काम पूर्ण झाल्याचा निरोप आला, आणि मी पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात फाइल उघडली, तर 'म'पर्यंतच्या नोंदी शाबूत आणि पुढे नुसते रिकामे चौकोन. मूळ फाइल घरच्या संगणकावर होती म्हणून निभावले. पण प्रश्न मनात राहिलाच: 'पूर्ण झाले' असे सांगितले गेले, त्या क्षणी 'य'पासूनचे शब्द होते कुठे?

ते संगणकाच्या स्मृतीत होते. संगणकाची सारी साधने ज्याच्या ताब्यात असतात, त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा कर्नल डिस्कवरच्या फायलींची पाने स्मृतीत जवळ बाळगून असतो. इंग्रजीत या व्यवस्थेचे नाव 'पेज कॅश'. 'कॅश' म्हटले की आपल्याला रोकड आठवते. म्हणून या लेखापुरता मी 'पानसाठा' हा शब्द वापरतो.

साठा कशासाठी, याचे उत्तर वेगात आहे. स्मृतीतली एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून तीच आणायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. फरक एक लाख पटींचा. आजच्या एसएसडी डिस्कने ही दरी बरीच बुजवली, तरी ती हजारपटीच्या घरात आहेच. शिवाय माणूस आणि त्याचे प्रोग्राम तीच ती फाइल पुन्हा पुन्हा मागतात. रोज लागणारा कोश कोणी माळ्यावर ठेवत नाही, तो टेबलावरच असतो. तसेच हे आहे.

हे 'पान' बहुतेक संगणकांवर ४०९६ बाइटचे असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, स्वर, मात्रा, हलंत हे सगळे, सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट घेते. 'क्षितिज' या शब्दात क, हलंत, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी ७ चिन्हे आहेत. म्हणजे २१ बाइट. ४०९६ ला ३ ने भागले तर १३६५ चिन्हे बसतात आणि १ बाइट उरतो. तेव्हा सलग देवनागरी मजकुरात पानाच्या टोकाला एखाद्या अक्षराचा एक तुकडा या पानावर आणि उरलेले दोन पुढच्या पानावर पडतात. कर्नलला त्याचे सोयरसुतक नसते. त्याला अक्षरे माहीतच नाहीत, फक्त बाइट माहीत आहेत. माझ्या फाइलीचा शेवट 'म'पाशी झाला तो शब्दकोशाच्या तर्काने नव्हे, कुठले पान पेनड्राइव्हवर पोचले आणि कुठले नाही, या हिशेबाने.

असा साठा नसलेल्या कर्नलमध्ये तो घालायचा तर काय करावे लागते? एमआयटी या अमेरिकी संस्थेत कार्यप्रणाली शिकवण्यासाठी २००६ पासून वापरला जाणारा 'एक्सव्ही६' हा छोटा कर्नल याच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे. त्यात डिस्कचे केवळ ३० ठोकळे सांभाळणारा एक लहान साठा आहे. तो डिस्कच्या ठोकळ्याचा क्रमांक ओळखतो. हा ठोकळा कोणत्या फाइलीचा, हे त्याला ठाऊक नसते. पानसाठ्याची ओळख याच्या उलट असते: अमुक फाइल, तिच्यातले अमुक क्रमांकाचे पान. ग्रंथालयात पुस्तक फळीच्या क्रमांकाने मागणे आणि ग्रंथनाम व पृष्ठांकाने मागणे, यांत जो फरक आहे तोच हा.

मग शोधण्याची सोय हवी. ८ जीबी स्मृतीत अशी सुमारे २१ लाख पाने मावतात, तेव्हा एकेक चाळत बसणे शक्य नाही. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीच्या पानांसाठी एक वृक्ष असतो, आणि त्याच्या प्रत्येक गाठीला सहसा ६४ फांद्या असतात. एका पायरीत ६४ पाने, म्हणजे २५६ केबी. दोन पायऱ्यांत ४०९६ पाने, म्हणजे १६ एमबी. तीन पायऱ्यांत १ जीबी. आपण कोशात शब्द शोधताना आधी पहिल्या अक्षराचा विभाग, त्यात दुसऱ्याचा, असे उतरत जातो. इथे अक्षरांच्या जागी पृष्ठांकाचे तुकडे आहेत, एवढेच.

शोधणे त्यामानाने सोपे. अवघड असते ती शिस्त. दोन प्रोग्रामनी एकाच क्षणी एकच पान मागितले आणि ते साठ्यात नसले, तर दोघांनी ते डिस्कवरून वेगवेगळे आणता कामा नये. म्हणून पहिला जण रिकामे पान साठ्यात ठेवून त्याला कुलूप लावतो व डिस्ककडे धाव घेतो. दुसरा त्या कुलपापाशी थांबतो. मजकूर आला की 'हे पान आता खरे आहे' अशी खूण होते आणि कुलूप निघते. खूण कुलूप काढण्याआधी झाली पाहिजे. हा क्रम उलटला तर दुसऱ्याच्या हाती अर्धे भरलेले पान पडेल, आणि तेही हजारात एखाद्या वेळी. असली चूक शोधताना आठवडे जातात. शिकणाऱ्यांनी ती एकदा करून पाहावी असे मला वाटते.

या सगळ्यामागचा नियम मात्र एकच: एका पानाची स्मृतीत एकच प्रत. तो मोडला की काय होते, याचा अनुभव युनिक्सच्या कुळाने बरीच वर्षे घेतला. जुन्या युनिक्समध्ये फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी ठोकळ्यांचा साठा होता. पुढे फाइल थेट प्रोग्रामच्या स्मृतीत जोडून घेण्याची सोय आली आणि तिच्यासाठी पानांचा दुसरा साठा उभा राहिला. आता एकाच मजकुराच्या दोन प्रती झाल्या. एका वाटेने केलेली दुरुस्ती दुसऱ्या वाटेने वाचणाऱ्याला दिसेलच, याची खात्री उरली नाही. हस्तलिखिताच्या दोन प्रतींवर दोन संपादक परस्पर लाल शाई चालवू लागले तर पाठभेद होणारच. एक्सव्ही६ वर ही जोडणी बांधण्याचा एक स्वाध्याय एमआयटीच्या अभ्यासक्रमात आहे. त्यात तीच फाइल जोडणाऱ्या दोन प्रक्रियांच्या प्रती वेगळ्या राहिल्या तरी चालेल, अशी सूट विद्यार्थ्यांना दिलेली आहे. ही सूट जिथे संपते, तिथून पानसाठ्याचे काम सुरू होते.

मोठ्या प्रणालींना ती सूट परवडणारी नव्हती. नेटबीएसडी या मुक्त प्रणालीत चक सिल्व्हर्स यांनी दोन्ही साठे एकत्र केले आणि २००० साली त्यावर निबंध सादर केला. २००२ च्या १.६ आवृत्तीतून ते काम वापरकर्त्यांपर्यंत पोचले. लिनक्सनेही २००१ च्या २.४ आवृत्तीत फायलींचा मजकूर एकाच पानसाठ्यात आणला.

वाचण्याची बाजू इथवर. लिहिण्याची बाजू अधिक नाजूक आहे, कारण तिथे कर्नल उधारीवर व्यवहार करतो. प्रोग्राम मजकूर देतो, कर्नल तो साठ्यातल्या पानावर उतरवून घेतो आणि लगेच सांगतो: मिळाले. डिस्कवर अजून काहीच गेलेले नसते. अशा पानाला इंग्रजीत 'मळके' म्हणतात. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो, कारण लेखकाचा ताजा मजकूर त्याच पानावर असतो आणि शिळी प्रत असते ती डिस्कवर. 'येणे बाकी' हा खतावणीतला शब्द अधिक नेमका झाला असता.

ही बाकी कधी चुकती होते? लिनक्सच्या मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी एक सेवक जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी अशी पाने डिस्ककडे रवाना करतो. अशी पाने वापरण्याजोग्या स्मृतीच्या १० टक्क्यांवर गेली तर तो वाट न पाहता कामाला लागतो. २० टक्क्यांवर गेली तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरले जाते. या विलंबात शहाणपणही आहे. एकच ओळ दहा वेळा बदलली तर डिस्कवर दहाऐवजी एकदाच लिहिले जाते. पण मधल्या अर्ध्या मिनिटात वीज गेली, तर जे लिहिले होते ते लिहिलेच नव्हते असे होते.

ज्याला थांबायचे नाही त्याच्यासाठी 'एफसिंक' नावाची मागणी आहे: या फाइलीची सारी बाकी आत्ता डिस्कवर पोचव आणि मगच मला उत्तर दे. विमसारखे संपादक साठवताना ती करतात. साधी नक्कल करणारी 'सीपी' आज्ञा करीत नाही.

ही मागणी म्हणजे शेवटचा भरवसा, असे सगळे धरून चालत होते. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांना त्यातली भेग दिसली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स एफसिंकच्या उत्तरात ती एकदा कळवी. पण त्याच वेळी न पोचलेल्या पानावरची 'बाकी' ही खूण पुसून टाकी. डेटाबेस बिचारा पुन्हा मागणी करी. आता बाकी काहीच दिसत नसल्याने उत्तर येई: सर्व ठीक. मजकूर मात्र डिस्कवर नसेच. कर्नल लिहिणाऱ्यांचीही एक अडचण होती, आणि ती खोटी नव्हती. पेनड्राइव्ह कोणी उपटून नेला तर त्याची पाने स्मृतीत किती काळ धरून ठेवायची? धरून ठेवली तर एक दिवस सारी स्मृती त्यांनीच भरेल. शेवटी डेटाबेसने आपली रीत बदलली. २०१९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून एफसिंक एकदा फसले, की तो पुन्हा विचारत बसत नाही. सरळ काम थांबवतो आणि स्वतःच्या रोजनाम्यातून शेवटच्या खात्रीच्या जागेपासून सगळे पुन्हा लिहून काढतो. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. संशयित प्रतीवर पुढचे संपादन करण्यापेक्षा मुळाकडे परत गेलेले बरे.

लिनक्स वापरणारे विद्यार्थी कधीकधी घाबरून येतात: संगणक नवा, तरी स्मृती सगळी भरलेली दाखवतो. 'फ्री' ही आज्ञा दिली की दिसणारी ती भर बव्हंशी पानसाठ्याची असते. रिकामी स्मृती काही कामाची नसते, म्हणून कर्नल ती पानांनी भरतो आणि कोणी मागितली की ज्यांची बाकी नाही अशी पाने क्षणात सोडून देतो. त्याच तक्त्यात 'उपलब्ध' असा निराळा रकाना असतो, पाहायचा तो.

आणि पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' हे बटण दाबले की कर्नल त्याच्या नावावरची सगळी बाकी चुकती करतो. माझी शब्दांची फाइल फार मोठी नव्हती, पण तो पेनड्राइव्ह जुना आणि संथ होता. बटण दाबून थांबलो असतो, तर 'य'पासूनचे शब्द दहा-पंधरा सेकंदांत पोचले असते.