तुळस वाळली, दोष कुणाचा?

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. "दारातली तुळस वाळायला लागलीय, काय करू?" आणि त्यामागे हळू आवाजात दुसरा. "घरावर काही संकट तर येणार नाही ना?"

पुष्कळ घरांत तर संकटाच्या आधी सून येते. "अडचणीत असताना शिवली असशील, सावली पडली असेल," असं ऐकवलं जातं. नवी नवरी असली तर ती बिचारी गप्प बसते. म्हणून आज दोन्ही गोष्टी बोलू. तुळस वाळते कशानं, आणि तिला पुन्हा उभी कशी करायची.

पाळीचं आधी बघू. त्या चार दिवसांत आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बाई काय घरात बसून असते? सांगोल्याकडं ती डाळिंबाच्या बागेत कामाला जाते, मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी काढते. परसातली वांगी, मिरच्या तोडते. तिचा हात लागला म्हणून डाळिंब गळत नाही, ज्वारी करपत नाही. मग तेवढी तुळसच कशी वाळेल? झाडाला बाईची पाळी कळत नाही. त्याला कळतं पाणी, माती आणि ऊन. तुळशीचं दुखणंही तिथंच शोधायचं.

पहिलं कारण म्हणजे जास्तीचं पाणी. ऐकून नवल वाटेल, पण घरात जो अंघोळ करून येतो तो तुळशीला तांब्याभर पाणी घालतो. पाच माणसं, पाच तांबे. त्यात वृंदावन सिमेंटचं, खाली भोक नाही. पाणी आतच साचतं आणि मुळं कुजतात. माती ओली असूनही पानं पिवळी पडून माना टाकत असतील तर हेच समजा. पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पूजेपुरतं पळीभर पुरे.

दुसरं कारण बोअरचं पाणी. आपल्याकडं बऱ्याच गावांत ते खारट, जड असतं. मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. ही खपली खरवडून काढा. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी किंवा तांदळाचं धुवण घाला. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

तिसरं कारण माती. नुसती काळी माती भरली तर ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते. मग वरून घातलेलं पाणी भेगांतून खाली निघून जातं, मुळं कोरडीच राहतात. दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याच्या उष्णतेनं मुळं जळतात. दूध, तेल, हळदकुंकूही मुळात नको. हळदकुंकू वृंदावनाला वाहा, दिवा आणि उदबत्ती पानांपासून लांब ठेवा.

आता वाळलेल्या तुळशीवर उपाय. खोडावर नखानं हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. वाळलेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत कात्रीनं छाटा. सगळ्या मंजिऱ्या खुडा, कारण बी धरण्यात झाडाची ताकद जाते. कुंडीला भोक नसेल तर पाडून घ्या, नाहीतर संध्याकाळच्या वेळी मुळांभोवतालच्या मातीच्या गड्ड्यासकट झाड दुसऱ्या कुंडीत हलवा. मग आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. नवे कोंब येईपर्यंत खत नको. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? कोंब फुटले की मूठभर शेणखत द्या.

पानं आकसली असतील आणि मागच्या बाजूला बारीक किडे किंवा काळे ठिपके दिसले, तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी ढवळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा फवारा. फवारलेली पानं काही दिवस चहा-काढ्यात घालू नका.

आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. सिमेंटचं वृंदावन तापतं आणि आतली मुळं भाजतात. दुपारपुरतं जुनं लुगडं आडवं बांधा, बुडाशी पाचट किंवा वाळला पाला पसरा. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना घाला. थंडीत उलटं. तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्ष-पौषात पानगळ होते, वाढ थांबते. तो तिचा ऋतू आहे, अपशकुन नव्हे. तेव्हा पाणी कमी करा आणि ऊन भरपूर मिळू द्या.

एवढं करूनही खोड आतून तपकिरी, कोरडंच निघालं तर मनाला लावून घेऊ नका. तुळस काही वडासारखी शंभर वर्षं जगत नाही. दोन-तीन वर्षांत ती जुनी होते, खोड लाकडासारखं होतं. म्हणून चांगल्या झाडाच्या वाळलेल्या मंजिऱ्या दरवर्षी कागदाच्या पुडीत राखून ठेवा. बी बारीक असतं, ते मातीवर भुरभुरून वर नावाला माती टाका आणि ओल टिकवा. आठवडा-दोन आठवड्यांत रोपं दिसतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एकेक पुडी आणा. आणि गटात कुणाच्या घरी तुळस वाळली म्हणून सुनेला बोल लागत असेल, तर दोघीतिघी मिळून त्या घरी जा. सासूबाईंना बरोबर घेऊन कुंडीतली माती उकरून बघा. मुळं कुजलेली दिसली की त्यांनाच पटेल. मग नव्या रोपाला पहिलं पाणी त्या सुनेच्याच हातानं घालू द्या.